काकुनीसाठी परळीला

मीना आणि केन, मी परळीला जाऊन आले. तुमच्या आईने थोडंफार सांगितलं असेल, कारण फोनवरून ती निम्म्या प्रवासात माझ्याबरोबर होती. पण तिला दिसली ती फक्त पातेल्याची कड आणि माझी हनुवटी. मला फोन नीट धरता येत नाही. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे. तलवाडा ते परळी हे अंतर तुमच्या नकाशावर करंगळीच्या पेराएवढंही भरणार नाही. तरी मला ते नागासाकीपेक्षा लांब वाटलं. तुमच्याकडे येताना निदान पाठ टेकायला खुर्ची होती आणि उतरल्यावर घ्यायला माणूस होता.

तलवाडा

आधी, का निघाले ते सांगते.

दिवाळीच्या सुमारास तुमच्या आजोबांना न्यूमोनिया झाला, हे तुम्हाला माहीत आहे. ताप उतरला, खोकला गेला, आम्ही दवाखान्यातून घरी आलो. जेवण मात्र परत आलं नाही. गेवराईचे डॉक्टर म्हणाले, गिळायला अडचण नाही, पोटही ठीक आहे, अन्नावर मनच नाही. दर भेटीला वजनाचा काटा थोडा मागे जायचा. शेवटच्या भेटीत त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की पुढच्या वेळेपर्यंत तोंडाने खाणं सुरू झालं नाही तर संभाजीनगरला नेऊन नाकातून नळी घालावी लागेल. दार उघडंच होतं, आजोबांनी ऐकलं. जीपमध्ये बसल्यावर ते एवढंच म्हणाले, "मला वेसण घालू नका." वेसण म्हणजे बैलाच्या नाकातून ओवलेली दोरी. जन्मभर त्यांनी ती बैलांना घातली आहे. घालताना बैल कसा मान झटकतो, ते त्यांना पाठ आहे.

घरी आम्ही चौघं. आजोबा, मी, त्यांचे धाकटे भाऊ भाऊसाहेब, आणि भाऊसाहेबांची बायको सुमन, म्हणजे माझी जाऊ. सुमनने काही करायचं बाकी ठेवलं नाही. ज्वारीची पेज, मुगाचं पाणी, दुधात कुस्करलेली दशमी, शेवग्याचं सार. मी वाटी घेऊन आजोबांसमोर बसायची, भाऊसाहेब दारात उभे, सुमन पाण्याचा तांब्या घेऊन. एक चमचा, फार तर दोन, मग ते भिंतीकडे तोंड करायचे. मी उरलेलं झाकून ठेवायची, वाटी विसळायची, आणि विसळून होईतो पुढच्या खाण्याची वेळ झाल्यासारखं वाटायचं. मी थकले आहे हे इथेच सांगून टाकते. पुढे कुठे चिडचिड दिसली तर कारण शोधू नका.

एका दुपारी आजोबा डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोप लागली. तेवढ्यात म्हणाले, "मयुमीनं केलतं, ते मटण हाय का?"

मला कळायला वेळ लागला. ते मटण नव्हतंच, डुकराचं होतं. तुमच्या घरी आलो होतो तेव्हा तुमच्या आईने काकुनी केली होती. साबणाच्या वडीसारखे चौकोनी तुकडे, तपकिरी, हात लागला की थरथरणारे. आजोबांनी कशाचं आहे हे न विचारता खाल्लं, नंतर कळलं तेव्हा क्षणभर थांबले, आणि वाटी पुन्हा पुढे केली. मी भात आणि अंडं खाल्लं होतं.

डुकराचं मांस आमच्या घरात कधी आलेलं नाही. बोकडाचं येतं, तेही घरात शिजत नाही. मागच्या अंगणात, कोठ्याजवळ, म्हणजे गुरं बांधतो तिथे, वेगळी चूल आहे, वेगळं पातेलं आहे, आणि शिजवायचं काम भाऊसाहेबांचं. सुमनच्या गळ्यात माळ आहे; त्या दिवशी ती मागच्या दाराची कडी लावून घेते. तिला सांगायचं कसं याचा मी दिवसभर विचार केला आणि शेवटी भाकरी थापत होती तेव्हा सरळ सांगून टाकलं.

तिचा हात थांबला नाही. "आक्का, बोकड म्हणल्या असत्या तर मी तोंड फिरवून बसले असते. पर डुक्कर? आन त्येबी मार्गशीर्षात?"

मी म्हटलं, मागितलं ते त्यांनी. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी मागितलंय.

"मग वांगं मागायला काय झालतं?" ती म्हणाली, आणि भाकरी तव्यावर अशी टाकली की भाऊसाहेब बाहेरून आत डोकावले. मग पीठ संपेपर्यंत ती नुसत्या भाकरी थापत राहिली. सकाळी निघताना मात्र माझ्या पिशवीत भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याचे लाडू बांधून ठेवलेले होते. दारात म्हणाली, "घरात आणायचं न्हाई. कोठ्याकडं न्या. मी बघणार न्हाई." सुमन याहून जास्त परवानगी देत नाही.

गेवराई, बीड आणि मधलं

परळीच का, तर तिथे फिलोमिना राहते. आम्ही दोघी बीडच्या एका शाळेत शिकवायचो, मी इंग्रजी, ती विज्ञान. मूळची मडगावची. नवऱ्याची नोकरी परळीच्या वीज केंद्रात, म्हणून इकडे आली. नवरा गेल्यावर मुलं पुण्याला बोलावतात, पण ती जात नाही. आमच्या भागात डुकराचं मांस कुठे मिळतं हे मी मोकळेपणाने विचारू शकेन असं हे एकच माणूस. फोन केला तर आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, शनिवारी ये, रविवारी सकाळी मिळतं.

तलवाड्याहून जीपने गेवराई. रस्त्यात वाळूचे हायवा ट्रक एकामागून एक, आणि प्रत्येक जण आपल्याला आधी जायचं आहे अशा घाईत. गोदावरी तिथून जवळ आहे, पण आता नदीपेक्षा तिची वाळूच जास्त दिसते. गेवराईला बीडची बस उभी होती. कंडक्टरने माझ्याकडे बघून विचारलं, "आज्जी, पंच्याहत्तर झाले का? झाले असतील तर फुकट." मी म्हटलं, नाहीत. "मग बायांचं अर्धं," असं म्हणत त्याने तिकीट फाडलं आणि शेजारच्या माणसाला सांगितलं की खरं वय सांगणारी बाई आज पहिलीच भेटली.

बीडच्या स्टँडवर परळीच्या गाडीची वाट बघत बसले. गुडघा आखडला होता, म्हणून पिशवीवर पाय ठेवून. तिथे तुमच्या आईचा फोन आला. ती सांगत होती की पोटाकडचं मांस घ्यायचं, सलग, कातडीसकट, चरबी आणि मांस यांचे थर स्पष्ट दिसतील असं. माझ्या शेजारी बसलेले एक गृहस्थ तुळशीची माळ ओढत होते. मी फोन कानाला घट्ट धरून फक्त "येस, येस" म्हणत राहिले. तिला वाटलं मला ऐकू येत नाही. ती आणखी मोठ्याने, आणखी सावकाश सांगू लागली.

वडवणी, तेलगाव, सिरसाळा. उसाने लादलेले ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, बस त्यांच्या मागे सरपटत होती. या दिवसांत आमच्या गावातली निम्मी घरं कुलूपबंद असतात, माणसं ऊस तोडायला दूर साखर कारखान्यांकडे गेलेली. ओसरीवर म्हातारी माणसं आणि शेळ्या राहतात. खिडकीतून तशीच गावं दिसत होती. मला झोप लागली. डोळे उघडले तेव्हा परळीची धुराडी दिसत होती, आणि धुराडी दिसली तरी गाव यायला बराच वेळ लागतो हे मी विसरले होते.

परळी

फिलोमिनाच्या घरात खिडक्यांना दुहेरी पडदे आहेत, राखेसाठी. तरी टेबलावर बोट फिरवलं की रेघ उठते. ती म्हणते, आता त्याची सवय झाली आहे, पुण्यात गेले तर स्वच्छ हवेने आजारी पडेन. नाताळ जवळ आलेला, म्हणून मोठ्या बरणीत केकसाठी ब्रँडीत बेदाणे आणि काजू भिजत घातलेले होते. मला चहा दिला, पाय वर घ्यायला स्टूल दिलं, आणि म्हणाली, "ह्या वयात डुक्कर खायला लागलीस गो विमल?"

मी सांगितलं सगळं. नळीचंही सांगितलं. मग ती हसली नाही. तिच्या नवऱ्याला शेवटी नळी होती. तो ती उपटून काढायचा म्हणून हात कॉटला बांधावे लागले होते. हे तिने मला तेव्हाही सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर उठली आणि सुरीला धार लावायला बसली.

रविवारी सकाळी आम्ही रिक्षाने रेल्वे लाइनपलीकडच्या वस्तीवर गेलो. तुमच्याकडे मांस पांढऱ्या तबकात, वर प्लॅस्टिक ताणलेलं, वजन छापलेलं, असं थंड कपाटात मांडलेलं असतं. ते जनावर होतं हे आठवायलाही प्रयत्न करावा लागतो. इथे मोकळ्या जागेत पाचट पेटवलेलं होतं. पाचट म्हणजे उसाचा वाळलेला पाला. त्याच्या जाळावर डुकराचे केस जाळून, कातडी खरवडून, हळद चोळून ठेवलेली. वास जळक्या गुळासारखा आणि जळक्या केसांसारखाही. काम शेवंताबाई आणि तिचा नवरा करत होते. नवरा कापायचा, बाई वाटायची.

आणि इथेच आमचं अडलं. मी फिलोमिनाच्या भरवशावर आले होते, पण ती नेहमी शेजारणीकडून मागवायची, तिने वाटणी कधी पाहिली नव्हती. तिथे किलोवर मांस मिळत नाही. पळसाच्या पानांवर वाटे लावलेले असतात. प्रत्येक वाट्यात थोडं मांस, थोडी चरबी, थोडं काळीज, एक हाड, कातडीचा तुकडा. जनावरात जे जे आहे ते सगळ्यांना सारखं. वाटे लागले की ज्याने आधी सांगितलं त्याने उचलायचा. निवडायचं नाही. मी म्हटलं, मला पोटाकडचं सलग हवं आहे, न कापता.

शेवंताबाईने मान वर करून माझ्याकडे, मग माझ्या चपलांकडे पाहिलं. "पोटाचं तुमाला सगळं दिल्यावर बाकीच्याच्या वाट्याला काय, खूर?"

बाजूला उभे असलेले हसले. पाच-सहा माणसं होती, कुणी रात्रपाळी करून आलेले, कुणाच्या हातात डबा. एक जण म्हणाला, "मास्तरीन बाई हाय, सगळं नीट मापात पायजे." मी मास्तरीण होते हे त्याला कसं कळलं कोण जाणे.

मी वळून परत निघाले असते. खरंच सांगते, त्या क्षणी मला फक्त कुठेतरी आडवं व्हायचं होतं. पण फिलोमिनाने माझा दंड धरला आणि तिनेच सांगायला सुरुवात केली, की हिचा नवरा आजारी आहे, जेवत नाही, हेच मागतो आहे, न जेवला तर नाकात नळी घालणार आहेत. तिने इतकं भराभर सांगितलं की मला शरम वाटायलाही वेळ मिळाला नाही.

"कावून खात न्हाई?" शेवंताबाईने विचारलं.

माहीत नाही, मी म्हणाले.

तिने नवऱ्याकडे पाहिलं, त्याने खांदे उडवले. मग तिने उभ्या असलेल्यांना विचारलं. मला वाटलं होतं, आता सगळे माना डोलावतील. तसं झालं नाही. रात्रपाळीवाला म्हणाला की त्याच्या घरी पाहुणे आहेत आणि चरबी त्यालाही पाहिजे. दुसरा म्हणाला, आजारी माणसाला असलं तेलकट कोण देतं, ही बाई त्याला मारायला निघाली का. त्यावर बरीच चर्चा झाली, ज्यात मला कुणी काही विचारलं नाही. शेवटी शेवंताबाईने तोडगा काढला. मी दोन वाटे घ्यायचे, आणि त्या दोन वाट्यांत काळीज-बिळीज काही न देता तेवढ्याच वजनाचं पोटाकडचं सलग द्यायचं. हाडं मात्र घ्यावीच लागतील, हाडाशिवाय वाटा होत नाही. माझ्या हातात आला तो तुकडा दोन तळव्यांएवढा होता, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला निमुळता. देशी डुक्कर, उन्हात फिरलेलं. चरबीचा थर तुमच्या आईने सांगितला होता त्याच्या निम्माही नव्हता. फोनवर दाखवला तर ती म्हणाली, "ठीक आहे आई, वेळ जास्त लागेल."

रिक्षात फिलोमिना म्हणाली, "हाडांचं मी करीन काहीतरी. तू तोंड पाडू नकोस."

दुपारी स्वयंपाकाला लागलो. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. आधी तुकडा कातडीकडून तव्यावर परतायचा. चरबी तडतडून उडाली, फिलोमिनाच्या मनगटावर शिंतोडे आले, तिने कोंकणीत काहीतरी म्हटलं ते तुमच्या आईलाही कळलं असावं. मग तांदूळ धुतलेल्या पांढऱ्या पाण्यात आल्याच्या चकत्या आणि पातीचा कांदा घालून उकळत ठेवायचं, बारीक आचेवर. किती वेळ, तर सुरी लोण्यात गेल्यासारखी जाईपर्यंत. फिलोमिनाचं म्हणणं, कुकर लाव, तीन शिट्ट्या, मोकळी हो. तुमच्या आईने नाही म्हटलं. नम्रपणे, हसून, पण नाही. कुकरमध्ये मांस मऊ होतं पण तुटतं, आणि चरबीला सावकाश वितळायला आवडतं, असं ती म्हणाली.

"सून आहे की हेडमिस्ट्रेस?" फिलोमिना म्हणाली, पण कुकर उचलून ठेवला.

मग आम्ही बसून राहिलो. पातेल्यावर वाफ, खिडकीबाहेर कोळशाची मालगाडी, आणि दोन म्हाताऱ्या मध्ये मध्ये उठून पाणी वाढवणाऱ्या. घरी मी बसले की कान आजोबांच्या खोलीकडे असतात. इथे कान कुठेच नव्हते. मी खुर्चीत बसल्या बसल्या झोपले, तोंड उघडं टाकून, असं फिलोमिना सांगते.

सुरी एकदाची सहज गेली. पाणी ओतून टाकलं, तुकडे केले. चौकोनी काही निघाले नाहीत, काही त्रिकोणी, काही नुसतेच तुकडे. सोया सॉस चायनीजच्या गाडीवाल्याकडून आणला होता, दाट आणि फार काळा. तुमच्या आईने तो अर्धा करून पाणी घालायला सांगितलं. साखरेऐवजी गूळ. जपानी दारूऐवजी बेदाण्यांच्या बरणीतली ब्रँडी, दोन झाकणं. त्यामुळे एक बेदाणाही पडला, तो आम्ही राहू दिला. पातेल्याला झाकण लावायचं नाही, तर पातेल्यापेक्षा लहान झाकण थेट मांसावर ठेवायचं, म्हणजे रस वर-खाली खेळतो आणि तुकडे हलत नाहीत. ही युक्ती मला आवडली. आम्ही स्टीलची ताटली वापरली. ती शिजताना टकटक वाजत होती. शेवटी उकडलेली अंडी सोलून त्या रसात सोडली.

रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी वर चरबी पांढरी, तुपासारखी गोठली होती. ती काढून टाकली. खाली सगळं तपकिरी आणि चकचकीत. फिलोमिनाने एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मी म्हटलं, मीठ? ती म्हणाली, "मीठ आहे. धूरही आहे. तुझी सून धूर घालते?" नाही घालत. तो पाचटाचा.

परतीची गाडी

स्टीलचा डबा, त्यावर फडकं बांधलेलं, मांडीवर धरून मी सोमवारी परळीहून निघाले. परळी वैजनाथाचं क्षेत्र, त्यात सोमवार. बस देवदर्शन करून आलेल्या माणसांनी भरलेली. शेजारच्या बाईच्या कपाळावर भस्म होतं. तिने माझ्या डब्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. "परसाद हाय नव्हं? द्या की वाईच."

मी डबा पोटाशी ओढला. मी म्हटलं, प्रसाद नाही, आजारी माणसाचं जेवण आहे. तिने हात मागे घेतला, कुणाला काय झालं ते सगळं विचारलं, आणि मी सुमनने दिलेला शेंगदाण्याचा लाडू तिच्या हातावर ठेवला. तिने तो डोक्याला लावून खाल्ला. तेलगावपर्यंत ती मला तिच्या सासऱ्याच्या अर्धांगाची हकीकत सांगत होती. मध्येच बसने गचका खाल्ला आणि डब्यातून थोडा रस माझ्या साडीवर आला. तो डाग अजून आहे. सुमन त्या साडीला हात लावत नाही.

कोठ्याजवळ

जीपमधून उतरले तेव्हा उन्हं कलली होती. घरात न जाता मागच्या अंगणात गेले. सुमनने कडी लावून घेतलेली नव्हती, पण पाठमोरी उभी होती. मी नसताना आजोबांनी काय खाल्लं, असं भाऊसाहेबांना विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग आम्ही दोघांनी मिळून आजोबांना बाहेर आणून कोठ्याशेजारी उन्हात बाजेवर बसवलं, पाठीला गोधड्या दिल्या. भाऊसाहेबांनी चूल पेटवली. डबा उघडल्यावर त्यांनी वाकून वास घेतला आणि हळूच म्हणाले, "वैनी, थोडा येसर टाकू का? पानचट वाटतंय." येसर म्हणजे आमच्याकडचा रश्श्यात घालायचा मसाला. मी त्यांना चुलीपासून लांब उभं केलं.

एका वाटीत मऊ भात, वर एक तुकडा, अर्धं अंडं, दोन चमचे रस. मी बाजेसमोर पाटावर बसले. भाऊसाहेब शेजारी उभे. सुमन मागच्या दारात तांब्या घेऊन. शेजारचे दोघं-तिघंही कुंपणाशी आले होते, परळीहून काय आणलं ते बघायला.

मी चमचा पुढे केला. आजोबांनी वास घेतला, मला दिसलं. ओठ हलले. मग त्यांनी तोंड मिटून घेतलं.

मला रडू आलं नाही. खरं तर काहीच आलं नाही. मी चमचा तसाच धरून राहिले आणि मनात संभाजीनगरला जायची पिशवी भरू लागले. टॉवेल, रिपोर्ट, त्यांची कानटोपी.

"तू जेवली का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, तुमचं झालं की जेवते.

"दिवाळीपसून हेच चाललंय," ते म्हणाले. बरेच दिवस एवढं बोलले नव्हते, आवाज घोगरा झाला होता. "तुमी सगळी उभी राहून माझ्या तोंडाकडं बघताव. बैलाला ढोस पाजताना बघत्यात तसं. घास उतरंल कसा?"

भाऊसाहेबांनी उगाच चुलीतलं लाकूड सरकवलं.

"मयुमीकडं सगळी एकदम बसली व्हती. तीबी, पोरंबी, तूबी. माझ्याकडं कुणाचं ध्यान नव्हतं." मग बाजेच्या पायथ्याशी हात आपटून म्हणाले, "बस हितं."

मीना, तुला हे विचित्र वाटेल. इतक्या वर्षांच्या संसारात मी दिरांसमोर, शेजाऱ्यांसमोर यांच्याबरोबर बाजेवर बसून कधी जेवले नाही. आमच्याकडे पुरुषांचं होतं, मग बायका बसतात. आजाऱ्याचं तर सगळ्यात आधी. तसं कुणी शिकवलं नाही, तेच होतं. शाळेत मी स्टाफरूममध्ये सगळ्यांबरोबर डबा खायची आणि घरी येऊन यांचं ताट वाढायची, आणि त्यात काही विसंगत आहे असं मला कधी वाटलं नाही.

मी बसले. भाकरी घरात होती आणि घरात जायला पाय उचलत नव्हते. सकाळी फिलोमिनाकडे खाल्लेल्या पावानंतर पोटात काही नव्हतं. म्हणून डब्यातलंच वाढून घेतलं. भात, अंडं, आणि एक तुकडा. त्रिकोणी. सुमनच्या दिशेने न बघता तो तोंडात घातला.

कसा लागला ते सांगायला हवं. आधी धूर, मग गूळ, आणि चरबी दाताखाली नसल्यासारखी विरघळून गेली. वाईट नव्हता. नंतरचं मला फार आठवत नाही, कारण मला भूक लागली होती. मी भात कालवला, अंडं फोडलं, दुसरा तुकडा घेतला. भाऊसाहेब हळूच येऊन खाली बसले आणि आपल्यासाठी वाटी ओढली. कुंपणाजवळच्यांना त्यांनी विचारलं, येताव का, तर ते निघूनच गेले.

मी मान वर केली तेव्हा आजोबा चावत होते. किती वेळापासून, ते मी पाहिलं नव्हतं. वाटी त्यांच्या मांडीवर होती, चमचा खाली पडला होता, ते हातानेच खात होते. भात निम्मा संपला होता. "हे मयुमीसारखं न्हाई," ते म्हणाले, आणि वाटी पुढे केली.

थोड्या वेळाने मागच्या दारातून ताट वाजल्याचा आवाज आला. सुमन अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, आमच्याकडे पूर्ण पाठ करून, भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन बसली होती. तशी पाठमोरीच ती आजोबांना म्हणाली, "आबा, भात सरला असंल तर सांगा. वरणभात मी देते, त्याला काय झालं?"

काकुनी दुसऱ्या दिवशीच संपली. परळीला पुन्हा जायची ताकद माझ्यात नाही, आणि जावं लागेल असंही वाटत नाही. आता दोन्ही वेळा अंगणातच ताटं मांडतो, चार. पिठलं असो, वरण असो. कधी आजोबा चांगले जेवतात, कधी दोन घासांत थांबतात. काल गेवराईला गेलो. काटा मागे गेला नव्हता. पुढेही गेला नव्हता. डॉक्टरांनी नळीचा विषय काढला नाही, पुढच्या वेळी बघू म्हणाले.

मला अजून लिहायचं होतं, सिरसाळ्याजवळ बस बंद पडली तेही राहिलं. शिवाय जरा पाठ टेकायची होती. पण सुमन दोनदा हाक मारून गेली. ताटं वाढून झाली आहेत, आणि मी जाऊन बसल्याशिवाय आजोबा भाकरीला हात लावत नाहीत.